पंचवीस ऑक्टोबरला काय वाजवायचं?

२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तू खापर माझ्या आळसावर फोडशील, म्हणून आधीच सांगतो, या खेपेला डोकंच ठिकाणावर नाही.

उन्हाळ्यात आमची पलटण दुसऱ्या एका पलटणीत मिसळली, हे तुला कळवलं होतं. आम्ही गडवाले, ते नदीवाले. आता कळलं की दोघांचा मोठा दिवस एकच आहे, पंचवीस ऑक्टोबर. तीनशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांनी या तारखेला एक गड घेतला, म्हणून आम्ही त्या दिवशी सकाळपासून कान किटेपर्यंत वाजवतो. ऐंशी वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांचा होड्यांचा पूल तुटला आणि अर्धी पलटण नदीत गेली. ते त्या दिवशी काहीच वाजवत नाहीत. अंधार पडेपर्यंत नुसते उभे राहतात.

साहेबांचा हुकूम असा, की पलटण एक, मैदान एक, तर कार्यक्रमही एकच हवा, आणि तो बँडमास्तरने बसवावा. म्हणजे मी. वाजवायचंही आणि गप्पही राहायचं, हे कसं जमवू?

बँडमध्येही दोन तट पडलेत. मोठा ढोल वाजवणारा आमचा भोपळा तुला ठाऊक आहे. पोटावरून पडलेलं नाव तो कौतुकाने मिरवतो. त्याच्या शेजारी नदीवाल्यांचा बिगुलवाला बसतो, हडकुळा आणि अबोल. दोघं मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवतात आणि तिच्यावर आपापल्या टोप्या ठेवायलाही तयार नसतात.

तुझ्या वाचनालयात जुनी पुस्तकं ढीगभर. त्या तारखेला नेमकं काय घडलं, ते शोधशील का? भावोजींना नमस्कार. रागावली असलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा
ठोक्या


१३ सप्टेंबर

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

लहानपणी ताटल्या बडवून घर डोक्यावर घेणाऱ्याला आता काय वाजवावं ते सुचत नाही, हे वाचून तुझे भावोजी पोट धरून हसले. मी हसले नाही. मला त्या तारखेने पछाडलंय.

तुमचं शोधता शोधता भलतंच हाती लागलं. १४१५ साली पंचवीस ऑक्टोबरलाच फ्रान्समधल्या एका नांगरलेल्या शेतात चिलखत घातलेले फ्रेंच सरदार चिखलात रुतले आणि संख्येने कमी असलेल्या इंग्रजांनी, त्यातही त्यांच्या तिरंदाजांनी, त्यांना लोळवलं. पुढे १८५४ साली, पुन्हा तीच तारीख, क्रिमियात इंग्रजांच्याच घोडदळाला एक निरोप धड कळला नाही आणि ते सरळ तोफांच्या तोंडी गेलं. म्हणजे ज्या तारखेला बाप नाचला, त्याच तारखेला लेक बुडाला म्हण. त्या लोकांनी तो दिवस कसा निभावला असेल, याचा विचार काही डोक्यातून जात नाही.

भावोजी म्हणतात, वर्षाचे दिवस मोजके आणि माणसांच्या भांडणांना तोटा नाही, मग एकावर एक पडणारच. हिशेब बरोबर आहे, पण माझं समाधान होत नाही.

गडाचं आणि नदीचं बघते. पण तू सगळं पुस्तकांनाच का विचारतोस? तो बिगुलवाला रोज तुझ्यासमोर बसतो. त्याला विचारलंस का?

वेळेवर जेव आणि ताईची आठवण काढत जा.

तुझी
ताई


२४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. वाद्यांच्या खोलीत आम्ही दोघंच पितळ घासत बसलो होतो. घासता घासता त्याने सांगितलं, की त्या दिवशी बिगूल वाजवणारे त्याचे आजोबाच होते. मागे फिरायचा हुकूम आला आणि ते अलीकडच्या काठावरून वाजवत राहिले. नदीला पूर, वर तोफा. पुलावर असलेल्यांना ऐकूच गेलं नाही, ते पुढे जात राहिले. मी विचारलं, आजोबाही त्यातच गेले का. तो म्हणाला, “आजोबा वाचले, मास्तर. म्हणूनच तर आम्ही वाजवत नाही.”

त्या माणसाने पुन्हा कधी बिगूल तोंडाला लावला नाही म्हणे. पलटणीने त्यांच्याखातर तो दिवस मुका ठेवला, तो आजतागायत तसाच आहे.

मी हे भोपळ्याला वेळेत सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी सरावात त्याने गडाची चाल अशी काही दणाणली की खिडक्या थरथरल्या. वर बिगुलवाल्याला ऐकवलं, की ऐंशी वर्षं रडलात, आता पुरे. बिगुलवाल्याने बिगूल पुसला, पेटीत ठेवला आणि बदलीचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, पंचवीस तारीख होऊ दे, मग सही करतो. त्याच्यासारखा बिगुलवाला मला पुन्हा मिळायचा नाही, आणि तो असा गेला तर ही पलटण कागदावरच एक राहील. तुझ्याकडे काही असेल तर लवकर लिही.

पत्राची वाट बघणारा,
ठोक्या


७ ऑक्टोबर

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

आधी बसून घे. तुमचा गड पंचवीस ऑक्टोबरला पडलाच नाही.

म्हणजे पडला, पण त्या काळच्या कॅलेंडरप्रमाणे. गड घेतल्याचा वृत्तांत ज्या इंग्रजाने लिहिला, तो त्यांच्या जुन्या कॅलेंडरने तारखा घालायचा. ते सूर्याच्या मागे पडत चाललं होतं, म्हणून पुढे मधले काही दिवस गाळून नवं सुरू केलं. आजच्या हिशेबाने तुमच्या गडाचा दिवस येतो पाच नोव्हेंबरला. नदीचा दिवस मात्र पंचवीस ऑक्टोबरच.

मला माझेही शब्द गिळावे लागतायत. ती चिखलातली लढाई आजच्या कॅलेंडरने बघितली तर नोव्हेंबरात जाते. आणि क्रिमियात ज्यांच्या तोफा होत्या, त्या रशियनांच्या कॅलेंडरात त्या दिवशी तेरा ऑक्टोबर होता. एकच सकाळ, एकच मैदान आणि समोरासमोरच्या माणसांच्या तारखा वेगळ्या. भावोजी आता माझ्याशी कॅलेंडराविषयी बोलायला घाबरतात.

पुराव्याची पानं उतरवून सोबत जोडली आहेत. साहेबांना दाखव. तुझा गुंता सुटला. दोन पलटणी, दोन दिवस. मला का कोण जाणे, थोडी चुटपुट लागली. कदाचित एवढ्या शोधाचं असं सरळ उत्तर यायला नको होतं.

तब्येतीला जप, आणि पुढे काय झालं ते राखून ठेवू नकोस.

तुझी
ताई


३० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पानं बघून साहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की गडाचा दिवस पाच नोव्हेंबरला, नदीचा पंचवीस ऑक्टोबरला, आणि एकाच्या दिवशी दुसऱ्याला सुट्टी. बिगुलवाल्याच्या अर्जाचं काय, ते मी विचारलं नाही.

बँडला सांगितलं तेव्हा आमचे लोक खूश झाले, नदीवाल्यांनीही हुश्श केलं. बिगुलवाल्याच्या आजोबांची गोष्ट मी भोपळ्याला एव्हाना सांगितली होती. जाताना तो दारात थांबला आणि मला म्हणाला, “मास्तर, सुट्टी घेऊन मी करू काय?”

पंचवीसला दुपारी नदीवाले मैदानावर उभे राहिले. मी कडेला होतो. भोपळा पूर्ण गणवेशात, पट्टा कसाबसा लावून आला आणि मागच्या रांगेच्या टोकाला उभा राहिला. ढोल आणला नव्हता. त्याच्यामागून आमचे आणखी काही जण आले, मग मीही गेलो. कुणी कुणाला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ताई, इतकी वर्षं मी त्या तारखेला एक क्षण गप्प नव्हतो. उभं राहणं इतकं अवघड असतं, हे मला माहीत नव्हतं. भोपळ्याचे गुडघे दुखरे आहेत, संध्याकाळपर्यंत तो घामाने निथळला, पण हलला नाही. अंधार पडल्यावर रांगा मोडल्या. बिगुलवाला भोपळ्याकडे नुसतं बघून निघून गेला. भोपळ्याला वाईट वाटलं असावं.

काल सकाळी गडाच्या परेडचा सराव होता. नदीवाल्यांना त्यातून मोकळीक होती. तरी बिगुलवाला पेटी घेऊन आला. मधली खुर्ची उचलून त्याने भिंतीशी ठेवली, भोपळ्याला लागून बसला आणि मला विचारलं, “गडाच्या चालीत बिगुलाला काय आहे, मास्तर?”

काहीच नाही. तीनशे वर्षं ती चाल ढोल आणि सनयांवरच चालत आलीय. मी त्याला म्हटलं, उद्यापर्यंत थांब. तेव्हापासून कागद पुढे ओढून बसलोय. पहिल्या चार ओळी जमल्या आहेत, त्याच्या दमाला शोभतील अशा. पाचवी अडलीय. तेव्हा इथेच थांबतो.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच असू दे, पाच तारखेला तर जरा जास्तच.

तुझा
ठोक्या