उंबराच्या वळणासाठी चाकं

१ फेब्रुवारी, रविवार
गावाहून परत, हात हलवत. दादाला मुलुंडला घेऊन यायला गेले होते आणि गाडीच्या पोटाला ओरखडा घेऊन आले. उंबराच्या वळणाच्या अलीकडे वाटेच्या मधोमध जांभ्याचा उंचवटा आहे, त्यावर मागच्या दोन चाकांना जोडणारी धुरी बसली. खाट्. ह्यांनी उतरून वाकून बघितलं. "दोन बोटं कमी पडली गं." एवढे किलोमीटर तुडवले आणि दोन बोटांसाठी रिव्हर्समध्ये खाली!

मग चालत वर गेले. दादा ओटीवर खुर्चीत. डावा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेलाच. ऑगस्टात अर्धांगाचा झटका आला तेव्हा वाडीतल्या चौघांनी खुर्चीला बांबू बांधून त्याला खाली नेला होता. तसंच आत्ता गाडीपर्यंत नेऊ म्हटलं तर उसळला. एरवी शब्द अडखळतात, हे वाक्य मात्र सबंध आलं. "चौघांनी उचलायला मी अजून मेलेलो नाही, सुले. गाडी दारात आण. मी माझा बसतो."

तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली त्याने. मला स्टिअरिंग धरायला शिकवलं तेही त्यानेच. अशा माणसाला मी काय सांगणार? ठीक आहे. दारात आणते.

३ फेब्रु., मंगळ
क्लिनिकमध्ये दिवसभर दाढा. डॉक्टरबाईंना दादाचं सांगितलं. त्यांचंही तेच, व्यायाम रोज हवा, शिकलेल्या माणसाच्या हाताखाली हवा आणि लवकर हवा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फिजिओथेरपीवाली बसते. वर वाडीत वहिनी आहे आणि तेलाची बाटली.

वडापची, सीटवर भाडं घेणारी जीप उंबराच्या अलीकडेच थांबते. ट्रॅक्टर जातो, पण "ट्रॉलीतून सिमेंट नेतात" हे दादाचं उत्तर. पावसात वाट पुन्हा वाहून जाणार. म्हणजे काय करायचं ते पावसाआधी.

८ फेब्रु., रवि
विक्रोळीला नार्वेकरांच्या गॅरेजात. सत्तरीचे आहेत, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हे काढलं. गाडीच्या पोटाखालून बोलतात, त्यामुळे चेहरा कमी आणि चपला जास्त दिसतात.

मी म्हटलं, गाडी तर आधीच दोन इंच उचललेली आहे, आधीच्या मालकाची हौस. मग लागली कशी? चपला म्हणाल्या, "बाय, उचललेली हा ती वरची बॉडी. धुरी खय उचलली? धुरी चाकाच्या मधी. ती वर व्हयी तर चाकच मोठा घालूक व्हया."

इतकी साधी गोष्ट, आणि मी वर्षभर दोन इंचांच्या गमजा मारत फिरतेय.

आधीच्या मालकाने डोंगरातली चार मोठी चाकं घेऊन ठेवली होती, कधी लावली नाहीत. गाडीबरोबर आली, आमच्या बाल्कनीत पडून होती. तीच चढवली. २६५ ची, म्हणजे तेवढे मिलिमीटर रुंद, दातेरी. गाडी एकदम पैलवान. नार्वेकरांनी दोनदा विचारलं, "ह्या मालकान कधी लावली कित्या नाय?" मी ऐकलं नाही.

गॅरेजच्या फाटकात पहिलं वळण. खर्र्र्र.

१० फेब्रु., मंगळ
सगळीकडे खर्र. सिग्नलला वळले की खर्र, सोसायटीत वळले की खर्र. हे म्हणाले, "गाडी झोपेत दात खाते आहे." वॉचमन हसला. मला हसू आलं नाही.

१५ फेब्रु., रवि
नार्वेकरांनी उपाय केला, दहा मिनिटांत. चाक किती वळायचं त्याला एक अडसर असतो, त्याच्यावर वॉशर चढवले. आता स्टिअरिंग फुल मारलं तरी चाक पूर्वीइतकं वळत नाही, म्हणून घासतही नाही. एलबीएस रोडने गात आले.

सोसायटीच्या फाटकाशी गाणं थांबलं. जिथे एका दमात आत शिरायचे तिथे एकदा मागे घ्यावी लागली. हे म्हणाले, त्यात काय, घ्यायची मागे.

गाडी लावली आणि तशीच बसून राहिले. इथे मागे फाटक आहे. उंबराला मागे काय आहे?

वहिनीला फोन केला. म्हटलं वळणाचं माप घेऊन दे, आतून नि बाहेरून. ती म्हणाली, "शाळेतली टेप आणू का?" म्हटलं दोरी चालेल, पण गाठी नीट मार.

१८ फेब्रु., बुध
वहिनीचा फोटो आला. सुंभाची दोरी वळणावर पसरलेली, हातभर अंतरावर गाठी, मधे कोणाची तरी शेळी. माप मिळालं. खाली लिहिलंय, "हे विचारत होते कशाला. मी सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असणार."

२२ फेब्रु., रवि
नार्वेकरांच्या मागच्या मोकळ्या जागेत चुन्याने उंबराचं वळण आखलं. आतली रेघ म्हणजे डोंगर, बाहेरची रेघ म्हणजे संपलं. पहिल्यांदा गेले, बाहेरची रेघ ओलांडली. दुसऱ्यांदा डोंगराला अगदी चिकटून गेले, तरी ओलांडली. पाच वेळा दरीत पडले आणि पाचही वेळा चहाला परत आले.

ना. म्हणाले, "एक डाव मागे घेवचा. सगळे घेतत."

म्हटलं, तिथे कडेची माती सुटलेली आहे. शेजारी दादा बसलेला असणार, त्याला एका हाताने धरायचं आहे. मी मागे घेणार नाही. वॉशर काढा.

"मगे घासतला."

"घासू दे. कुठे घासतं ते बघू आणि तिथलं बघू."

चपलांनी पाना मागितला.

२४ फेब्रु., मंगळ
आज क्लिनिकमध्ये एक आजोबा, नवी कॅप टोचते म्हणून. डॉक्टरबाईंनी निळा कागद ठेवला, चावा म्हटलं. कॅपवर ठिपका उठला, तेवढंच घासलं. पुन्हा कागद, पुन्हा चावा. मग नेहमीचं वाक्य, "आता जेवताना चावता तसं. आडवं." आडवं चावल्यावर ठिपका भलतीकडेच उठला.

अठ्ठावीस वर्षं मी हा कागद चिमट्यात धरून उभी आहे. आज हातातून पडला. अगं, हेच तर!

१ मार्च, रवि
चुना घेऊन गेले. पातळ कालवला, टायरच्या कडांना ब्रशने लावला. जिथे टेकेल तिथे आतल्या काळ्या प्लास्टिकवर पांढरा ठिपका उठणार.

ना. चाकाखालून बाहेर आले, म्हणजे अख्खे बाहेर आले. "गिऱ्हाईकाक चुना लावूचो धंदो माझो. तू माका शिकवतंस?" पण डोळे चमकले होते.

रिकामी गाडी, फुल कट, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत: पुढच्या कोपऱ्यात बारीक रेघ, बस. ना. खूश, कात्री घेऊन सरसावले. म्हटलं थांबा, आता जेवताना चावते तसं. पाण्याचे वीस लिटरचे दहा जार आत भरले, मागे ह्यांना बसवलं ("अहो, तुम्ही फक्त बसा"), एक पुढचं चाक लाकडी ओंडक्यावर चढवलं आणि मग फुल कट.

मडगार्डच्या आत मागच्या बाजूला तळव्याएवढा पांढरा डाग. डावीकडे एक, उजवीकडे एक.

नार्वेकरांनी समजावलं. उचललेली गाडी उभी असते तेव्हा जागा दिसते. वजनाने दबली, चाक वर आलं, की उचलल्याचा उपयोग शून्य. मी दोन इंच दोन इंच करत होते ते सगळं रिकाम्या तोंडाचं.

डागाच्या मागे प्लास्टिक, प्लास्टिकच्या मागे पत्र्याची शिवण. मी म्हटलं ठोका. ते म्हणाले, "पत्र्याक हात लावूचंय नाय. अपघातात तोच तुका वाचवतलो." पहिल्यांदा रागाने बोलले. मीही बोलले. जार तसेच आत ठेवून घरी आले, ते ह्यांनी एकेक करून वर नेले. त्याचाच जास्त राग आला.

५ मार्च, गुरु
दुपारी क्लिनिकमध्ये फोन वाजला. दादा. ऑगस्टनंतर पहिल्यांदा त्याने स्वतः नंबर लावला.

"चाक. रुंद. किती?"

सांगितलं, २६५.

बराच वेळ नुसता श्वास. मग, "कशाला? चिखलात... नाचायचंय?" पुन्हा श्वास. "माझ्या गाडीची... चाकं आठव. उंच. रुंद नाय." आणि ठेवला.

एवढं बोलायला त्याला तीन-चार मिनिटं लागली असतील. मी मधे एक शब्द सुचवला नाही, जीभ चावून उभी राहिले. मग अवजारं उकळायच्या खोलीत जाऊन रडले. गाडी दारात आल्याशिवाय येणार नाही म्हणतो आणि चाकं मोजत बसतो. गधडा.

खरं आहे त्याचं. मला उंची हवी होती दोन बोटं. रुंदी मागितली होती कोणी? घासतंय ती रुंदी. ती मी फुकट मिळाली म्हणून घेतली होती.

८ मार्च, रवि
नार्वेकरांना आधी चहा, मग माफी. त्यांनी चहा घेतला, माफीला हात हलवला. "दादा म्हणता ता बरोबर. माका सुचूक व्हया होता."

कुर्ल्याला तीन दुकानं. रुंद चाकं हवी तेवढी. उंच आणि अरुंद म्हटलं की, "मॅडम, लूक नहीं आयेगा." तिसऱ्या दुकानात मिळाली, २४५ ची. उंची रुंद चाकांच्या जवळजवळ बरोबरीने. माप बदलतंय म्हणून कागदपत्रांत काय चालतं ते नार्वेकरांनी आधी विचारून घेतलं, मगच चढवली. २६५ वाली त्याच दुकानात दिली. गाडीचा पैलवान गेला, आता पोस्टमन दिसते.

चुना, जार, हे, ओंडका. फुल कट. डाग रुपयाएवढा. दोन्हीकडे.

१५ मार्च, रवि
रुपया गेला. प्लास्टिक गरम हवेने मऊ करून मागे दाबून बसवलं, एक क्लिप हलवली. सस्पेन्शन जिथे शेवटी टेकतं तिथला रबरी ठोकळा थोडा उंच घातला, म्हणजे गाडी दबली तरी चाक त्या शेवटच्या बोटभर वर येणार नाही. पत्र्याला हात नाही. वॉशर नाहीत.

पुन्हा चुना. काही नाही. आडवं चावून, काही नाही. ओंडका दुसऱ्या चाकाखाली, काही नाही. मी बॅटरी घेऊन आत डोकं घातलं. काळंकुट्ट.

मग वळण. जुनी रेघ पुसट झाली होती, वहिनीच्या दोरीवरून परत आखली. भरलेली गाडी, फुल कट, एका दमात. बाहेरच्या रेघेपासून वीतभर आत. मागून ह्यांचा आवाज आला, "झकास." लग्नाला एकतीस वर्षं झाली, हा शब्द त्यांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला.

ना. म्हणाले, चाक मोठा झाला, स्पीडचो काटो दाखवता त्यापेक्षा गाडी जरा जास्त धावतली, सांभाळ. आणि हातात उरलेल्या चुन्याची पिशवी दिली.

१९ मार्च, गुरु, पाडवा
गुढी उभारली. दादाला फोन केला, उद्या पहाटे निघतो म्हटलं. "बघू." वहिनीने फोन घेतला आणि बाजूला जाऊन सांगितलं, "बॅग भरलीय मी. त्यांनी दोनदा उघडून कपडे काढले. मी तिसऱ्यांदा भरलीय."

चाकं बसली, माणूस बसेल का?

२० मार्च, शुक्र
वाटेच्या तोंडाशी थांबून टायरच्या कडांना चुना लावला. हे म्हणाले, आता कशाला? म्हटलं, दादाला दाखवायला.

उंचवटा. पोटाखालून काही आवाज नाही. मागे पाहिलं तर तो तिथेच, जागच्या जागी.

उंबर. हे उतरून चालत पुढे गेले, मीच सांगितलं. फुल कट. डोंगर माझ्या आरशाला लागेल इतका जवळ. बाहेरच्या बाजूला बघितलं नाही. खर्र नाही, काहीच नाही, नुसते खडे चुरडल्याचा आवाज. गाडी वर.

गाडी दारात. तुळशीपासून चार हातांवर.

दादा ओटीवर उभा होता. काठी धरून, पण उभा. वहिनी धरायला गेली तर काठीनेच तिला बाजूला केलं. डावा पाय ओढत अकरा पावलं. मी मोजली. गाडीला पूर्ण फेरी मारली. पुढच्या चाकाशी थांबला, उजवा हात मडगार्डच्या आत घातला, चाचपला, बाहेर काढून बोटं बघितली. कोरडी, काळी. चुना नाही.

"हं," म्हणाला.

मी शेजारच्या सीटचं दार उघडून धरलं. तो तिकडे आलाच नाही. उजवीकडे गेला, स्टिअरिंगच्या बाजूला. एका हाताने वरचा दांडा धरला आणि चढला. त्याचा तो. कोणी उचललं नाही.

"चावी."

न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. मगच दिली. इंजिन चालू केलं, उजव्या हाताने स्टिअरिंग डावीकडे फुल, ऐकलं. उजवीकडे फुल, ऐकलं. पुन्हा डावीकडे.

मग बंद केलं आणि डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला.

मी "निघू या का" विचारलं. त्याने पाय पुन्हा क्लचवर ठेवला; गाडी स्वतः खाली न्यायचीय त्याला. ह्यांनी विचारलं, वहिनीने विचारलं. ऊन तुळशीवरून ओटीवर गेलं. बॅग मागच्या सीटवर आहे, ती अजून त्याने काढलेली नाही एवढंच.

मी शेजारी बसून हे लिहितेय. तो पुन्हा पाय ठेवतोय. क्लच किती दाबला जातोय ते मला दिसत नाही, मान वळवली की हात आडवा धरतो. उतर म्हणणार नाही मी. पाणी दिलंय, काचा खाली केल्यात.