श्री. झरमोथ यांजकडून सप्रेम भेट

आप्पा,

तुम्हाला बोलवायला म्हणून हे लिहीत नाही, तेवढं आधीच सांगतो. आपल्या घरात गेलेल्या माणसाला बोलवत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंय. तुमची आई, अव्वा, गेली त्या वर्षी पितृपक्षात शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत होत्या, घास ठेवला का म्हणून. तुम्ही आंघोळ करून, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजेला बसला होतात. तिथूनच ओरडलात, "माझी अव्वा काय कावळा झाली का ओ? ती लिंगात मिळाली. जी कुठं गेलीच न्हाई, तिला बोलवायचं तरी कुठून?" काकूंनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला मात्र ते पक्कं बसलं: आपल्यात हाक मारून कुणाला अडवायचं नाही. आणि आता गेल्या रविवारी, आपल्याच दुकानाच्या माळ्यावर, तुम्हालाच बोलवायची वेळ आली. बोलवणारी तुमची नात. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, ती तुमच्यानंतरची. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

तुम्ही ज्याला 'ते फाशाचं येड' म्हणायचात, त्या खेळाची ही गोष्ट आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनीअरिंगला होतो तेव्हा तो होस्टेलवर एका सीनियरकडून आला. पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मी दार उघडतो, मी पळतो, मी खोटं बोलतो असं म्हणायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर सोडायचं. नियमांचं पुस्तक इंग्रजी, आणि आमच्याकडे त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स. खेळ गूढविद्येचा होता आणि त्यातला सगळ्यात काळा भाग होता आवाहनाचा: अंधारातल्या शक्तीला नाव घेऊन बोलवायचं आणि तिच्याकडून काम करून घ्यायचं. पहिल्या आवृत्तीत हे सगळं फार रांगडं होतं. खडूचं रिंगण, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं नाव, बळी, आणि मग फासा. फासा उलटा पडला की आलेला राक्षस बोलवणाऱ्यालाच खायचा. त्याला काय हवंय, यावर पुस्तकात एक अक्षर नव्हतं. नाव-हुद्दा, ताकद किती आणि नखं किती, एवढंच. तोवर खेळात आमच्यातला एकही बोलवणारा दुसऱ्या बैठकीपर्यंत जगल्याचं मला आठवत नाही.

मी तसा हौशी. तांब्यावर नाव म्हणजे खरंच तांब्यावर नाव, असं माझं म्हणणं. आणि बाप भांड्यांवर नावं टाकणारा असल्यावर अडचण ती काय! उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला आलो तर लग्नसराई. गोलाईच्या त्या गोल बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आईला आत घागरींना कागद गुंडाळायलाही उसंत नाही. तुम्ही मशीनवर वाकलेले, पितळेचा कीस बोटांवर, आणि समोर कोण उभं आहे ते न बघता प्रत्येकाला तोच प्रश्न: "नाव काय टाकायचं?" नंतर दुसरा: "कुणाकडून?" मी रांगेत घुसून एक लहान तांब्याची ताटली आणि चिठ्ठी पुढं सरकवतो. तुम्ही चिठ्ठी लांब धरून वाचता. "झरमोथ? कोण हाय हा? तेलंगणातला का?" मी म्हणतो, हो. "दोस्त हाय?" हो. मशीन घुर्र करतं. तुम्ही ताटली वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात देता आणि पुढच्या बाईला विचारता, "नाव काय टाकायचं?"

ती ताटली मी नांदेडला होस्टेलच्या खोलीत, सगळे जमल्यावर, मोठ्या ऐटीत उघडली. तुमच्या त्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: श्री. झरमोथ यांजकडून सप्रेम भेट.

सगळे इतके हसले की शेजारच्या खोलीतले भांडायला आले. नरकाच्या सातव्या दाराचा रखवालदार, ज्याच्या नावानं राजे घाबरतात, तो लग्नात स्टीलचे डबे आणणाऱ्यांच्या रांगेत आहेर घेऊन उभा. तुम्ही काही शहाणपणानं केलं नव्हतं, हात सवयीनं चालला एवढंच. पण आमचा सूत्रधार होता माहूरचा, घरचं गडाखाली कुंकू-प्रसादाचं दुकान, पाहुण्यारावळ्यांत वाढलेला. तो ताटलीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "हसून काय राहिले बे? आहेर घेऊन आला म्हणजे पाहुणा झाला तो. त्याला रिंगणात कोंडता येत नाही आता. पाणी विचारा." मग आम्ही राक्षसाला पाणी विचारलं. बस म्हणालो. भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. सूत्रधारानं त्याला बोलतं केलं, तर तो बिचारा किती युगं दारात उभा राहून पाय दुखतात म्हणून सांगायला लागला. आमचं काम करून, नीट निरोप घेऊन तो गेला. पहिल्या आवृत्तीतलं माझ्या माहितीतलं एवढं एकच आवाहन सुखानं पार पडलं.

दिवाळीत ही गंमत मी तुम्हाला सांगितली, आणि ती चूक झाली. स्वयंपाकघरात आई करंज्या तळत होती, तुम्ही पाटावर बसून गरम गरम खात होतात. झरमोथ कोण ते कळल्यावर तुमचा हात ताटातच थांबला. "लिंगाची पूजा करतो त्या हातानं भुताचं नाव टाकायला लावलास?" आईनं मध्ये पडून बघितलं, पोरांचा खेळ हाय म्हणून. "खेळ असू दे न्हाईतर काय असू दे. माझ्या हातानं नाव टाकलं म्हणजे ते माणूस हाय. खामखा कुणाचं बी नाव टाकत न्हाई मी." उठून गेलात. करंजी अर्धी तशीच राहिली. मी ताटली तुमच्या गादीवर नेऊन ठेवली, मोडीत घाला म्हणून. सकाळी ती माझ्या पिशवीत होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली. तुम्ही दाढी करत आरशातूनच म्हणालात, "सप्रेम भेट लिवलंय. भेट मोडीत घालत नसतेत." आणि थोड्या वेळानं, "अक्षर मातर झकास आलंय." मला तेव्हा तुम्ही इतके आवडलात, आप्पा. सांगायला पाहिजे होतं, पण बापाला असलं कोण सांगतं आपल्याकडं.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा मी नांदेडला नोकरीला होतो. त्यात रिंगण गेलं, बळी गेला, सगळ्याचा सौदा झाला. कुणालाही बोलवा, किंमत मोजा. मेलेल्या माणसाला बोलवायचंही एक पान होतं: एका प्रश्नाला बोलवणाऱ्याच्या आयुष्यातलं एक वर्ष. पुस्तक लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, काय भयंकर भाव लावलाय. ते पान मी तुम्हाला आपल्या रीतीनं मातीत बसवून आल्यावर वाचलं. स्वामींनी लिंग तुमच्या हातावर ठेवलं होतं, लिंगैक्य झाले म्हणाले, रडू नका म्हणाले, आणि मी रडलो नव्हतो. ते पान वाचून रडलो. तो भाव मला फार स्वस्त वाटला. मग खेळ गुंडाळून ठेवला, नोकरी सोडली आणि तुमच्या गादीवर येऊन बसलो. आता लग्नात लोक पाकिटं देतात, भांडी कमी झालीत, तरी मशीन चालू आहे.

खेळ परत काढला तो तुमच्या नातीनं. माळ्यावर तिला जुनं झेरॉक्स सापडलं. चार दिवसांत तिनं शोधून काढलं की तिसरी आवृत्ती निघालीय, आणि मागवलीसुद्धा. आता रविवारी दुकान बंद असलं की ती आणि तिच्या दोन मैत्रिणी माळ्यावर पातेल्यांच्या चळतीत बसतात आणि मी सूत्रधार. नव्या आवृत्तीतला काळ्या विद्येचा भाग वाचून मला हसूच आलं. आता म्हणे ज्याला बोलवायचं त्याचं काय म्हणणं आहे ते आधी बघा. का बोलवता ते सगळ्यांसमोर सांगा. आल्यावर त्याचा मान ठेवा. आणि त्याला परत कोण पोचवणार, ते ठरल्याशिवाय नाव घेऊ नका. येणारा सूत्रधाराच्या तोंडून बोलतो आणि त्याला नाही म्हणायचा हक्क आहे. म्हणजे इतक्या वर्षांनी ते लोक भाकरी-चटणीपर्यंत आले!

आणि एका रविवारी सगळं आवरताना ती म्हणाली, "पप्पा, पुढच्या वेळेस मी आप्पांना बोलवणार हाय."

मी म्हणालो, राक्षस कमी पडले का तुला. ती हसली नाही. "गोलाईत कुठं बी गेलं की म्हातारे विचारतेत, तू त्यांची नात का? लई भारी माणूस होता म्हणतेत. मी नुसती मान हलवते. मला त्यांचं अक्षर ओळखू येतंय, घरातल्या सगळ्या भांड्यांवर हाय. आवाज म्हाईत न्हाई. तुमच्याकडंच हाय तो." मी एकदम तोडून टाकलं, "आपल्यात बोलवत न्हाईत." ती उठून खाली गेली. नाक तुमचं आहे तिचं, आणि असं उठून जाणंही.

आपल्यात बोलवत नाहीत हे खरं, पण कारण ते नव्हतं. कारण तुम्हाला सांगतो. तुमचा आवाज माझ्याकडं आता फार थोडा उरलाय. दोन-चार वाक्यं, एक खाकरणं, एक हाक. ती मी जपून ठेवलीत, वापरत नाही. खेळात बसून तुमची नक्कल केली आणि पुढं माझ्या कानात माझीच नक्कल राहिली तर? खरे आप्पा पुसले गेले तर? आठवडाभर मी त्याच भीतीत होतो. पोरगी बोलत नव्हती, मीही बोलत नव्हतो.

शुक्रवारी रात्री ताटावर बसताना मी सवयीनं तिला विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का म्हणून अव्वा विचारायची ते. आणि पोरगीनं रुसव्यातही अव्वाच्या त्याच लांबवलेल्या सुरात, मान तशीच तिरपी करून उत्तर दिलं, "आयतु, आयतु." माझा घास हातातच राहिला. पोरगीला कन्नड येत नाही. अव्वा तिनं पाहिली नाही. मी तरी कुठं नीट पाहिलीय? ती निलंग्याला असायची, मी लहान होतो. माझ्याकडं जी अव्वा आहे ती सगळी तुम्ही केलेली. रोज जेवताना तुम्ही पदर घेतल्यासारखा खांद्यावर टॉवेल ओढायचात आणि तिच्या आवाजात आम्हाला रागवायचात, आई हसून बेजार व्हायची. कावळ्याला घास न ठेवणारा माणूस रोज ताटावर आपल्या आईला घेऊन बसत होता. आणि मला ती अव्वा कधी कमी वाटली नाही. मी पोरगीला म्हणालो, "रविवारी ये माळ्यावर. पण पोचवणार कोण ते ठरवून ये."

रविवारी तिनं फरशीवर खडूनं रिंगण काढलं, आणि त्याला चारी बाजूंनी येऊन मिळणारे रस्ते. "ही गोलाई हाय," तिनं मैत्रिणींना सांगितलं, "त्यांना इथलाच पत्ता म्हाईत हाय." मधोमध आईचा तांब्या ठेवला, तुम्ही नाव टाकलेला. का बोलवतेस, मी सूत्रधार म्हणून विचारलं. "ओळख करून घ्यायला." परत कोण पोचवणार? "मी. पायरीपर्यंत." फासा तिनं टाकला, पण किती पडलं ते मी बघितलंच नाही. तुम्ही मशीनवर वाकायचात तसा मी वाकलो. काहीतरी मोठं, आशीर्वादासारखं बोलावं असं ठरवून आलो होतो. पण तुम्ही तसलं कधी बोललाच नव्हता. मान वर न करता मी म्हणालो:

"नाव काय टाकायचं?"

तिनं प्रश्न लिहून आणले होते, ते सगळे हातातच राहिले. तिनं नाव सांगितलं, पूर्ण, माझ्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी देतात तसं. तुमच्या हातून कोणत्याच भांड्यावर न पडलेलं ते नाव.

"कुणाकडून?"

तिनं प्रश्नांचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुमच्याकडून, आप्पा."

मग ती उठली, "या आप्पा," म्हणत रिकाम्या जिन्यावरून दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आली.

सोमवारी शटर उघडल्यावर मी झरमोथची ती ताटली काढली, पालथी घातली आणि मागच्या कोऱ्या बाजूला तिचं नाव टाकलं. खाली लिहिलं, आप्पांकडून सप्रेम भेट. न विचारता तुमचं नाव टाकलं, खामखा नाही पण. तिनं बघताक्षणी ओळखलं की अक्षर माझं आहे. तरी ताटली ओढणीनं पुसून दप्तरात ठेवली.

हे कागद टपालात टाकायचे नाहीत. उद्या एका घागरीला पोचे येऊ नयेत म्हणून आत कोंबायला होतील. आणि एक राहिलं. निरोप दिला की सूत्रधारानं आवाज सोडायचा, असा नियम आहे. तिनं तुम्हाला पायरीपर्यंत पोचवलं, मी मात्र आवाज अजून सोडलेला नाही. सोमवारच्या पहिल्या गिऱ्हाइकाला मान वर न करता विचारलं, नाव काय टाकायचं, आणि विचारणारा मी नव्हतो.