पेवातला दम

फाल्गुन शुद्ध द्वितीया, शके १८५२, धारूर

योगेश्वरीच्या कृपेने सुखरूप पोचलो. ह्यांनी इथल्या तहसील कचेरीत बदली मागून घेतली ती भामीसाठी. थंडीत तिची छाती भरली होती; सात महिन्यांचं पोर, श्वास घेताना बरगड्या वर यायच्या. बीडचे हकीम म्हणाले, दवा पुष्कळ झाली, आता हिला डोंगराची हवा द्या. नगरला मॅट्रिकच्या वर्षी आम्हाला प्राणवायूचा धडा होता. तो रक्तात मिसळला की गाल लाल, अंगात ऊब. दिवा नि माणूस एकाच वायूवर जगतात. इथे तो घाटावरून फुकट घरात शिरतो! संध्याकाळी भामीच्या गालांवर रंग दिसला. देवापुढे साखर ठेवली.

शुद्ध षष्ठी

मधल्या खोलीत जमिनीला एक फरशी आहे. तिच्याखाली धान्य साठवायचं पेव; तोंड अरुंद, आत विहिरीसारखं खोल. सुगीत ज्वारी स्वस्त, तेव्हाच वर्षाची भरून टाकावी म्हणते. घरमालकांची ना नाही. शेजारच्या सारजाबाईंना मात्र पटलं नाही. म्हणाल्या, बाई, ते उघडू नका. आश्रुबा हमाल ज्वारी काढाया उतरला न् आतच गुदमरला. वारं धाडा, वारं धाडा म्हून वरडत हुता. कुणी उतरंना, तवाच्या मालकानं भिऊन फरशी लोटली. मुडदा दुसऱ्या दिशी काढला, पर दम आतच ऱ्हायला त्याचा.

मी समजावलं, बंद पेवात प्राणवायू सरतो, जड वायू साचतो, त्यात भूत कसलं? त्या म्हणाल्या, तुमी शिकल्याल्या, मी अडाणी काय बोलू!

शुद्ध नवमी

काल धोंडीराम हमालाने फरशी सरकवली. रिवाजाप्रमाणे दोराने कंदील आत सोडला. निम्म्यावर विझला. मग काठीला लिंबाचे डहाळे बांधून आतली हवा ढवळली, पेव रात्रभर उघडं ठेवलं. आज कंदील तळापर्यंत तेवत गेला. ह्यांना म्हटलं, पाहा, शास्त्र! ज्वारी भरून फरशी लावली. त्याआधी तळ झाडायला उतरलेला धोंडीराम मात्र घामाघूम होऊन वर आला होता. तळाशी कुणीतरी धापा टाकतंय म्हणाला. तुझीच धाप ती, मी हसून म्हटलं. तर म्हणतो, बाईसाब, मी दम धरून हुबा हुतो की.

शुद्ध एकादशी

निरांजनाची ज्योत फरशीकडे वाकते. वारा उलट्या अंगाचा असला तरी. वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. भामी त्या खोलीत निजली की ओठ निळसर होतात. पाळणा ओसरीवर आणला. खोलीत धूप घातला, स्तोत्र म्हटलं. चित्त लागलं नाही.

पौर्णिमा

होळीचा विस्तव पाणी तापवायला घरी आणतात. सारजाबाईंनी खापरात निखारे दिले, लालभडक. उंबरा ओलांडला नि काळे पडले. फुंकले. पुन्हा फुंकले. एकही पेटला नाही.

सारजाबाई उंबऱ्याबाहेरूनच परत गेल्या.

वद्य द्वितीया

फरशीच्या फटी शेणामातीने लिंपल्या. उठून पाहते तर पाळण्यात भामीचा श्वास बंद. डोळे उघडे. मला काय सुचलं देव जाणे, धावत जाऊन नखांनी लिंपण उकरलं. फट मोकळी झाली नि ती रडली.

फरशीला कान लावला. खाली कुणीतरी श्वास घेत होतं. भामी सोडी, की खालचा ओढी. दोघांत मिळून एकच श्वास.

तिला घेऊन घर सोडलं. वेशीपर्यंत गेले, ती काळीनिळी पडली. परत आणली तेव्हा कुठे—

सारजाबाई म्हणाल्या, पयल्या बारीला येकटा मेला. आता कोंडला तर येकटा न्हाई जायचा.

वद्य चतुर्थी

ह्यांना सगळं सांगितलं. माझाच धडा मला ऐकवला. म्हणतात, पेवातला घाण वायू घरात पसरतो, म्हणून दिवे विझतात, म्हणून पोर निळी पडते, म्हणून तुला भ्रम होतो. उद्या वाहेद गवंडी येणार. चुन्याने पक्कं बंद करणार.

पाया पडले. ऐकत नाहीत. पोरीवर जीव आहे, म्हणूनच ऐकत नाहीत.

वद्य पंचमी

सकाळी फरशीवर आडवी झाले होते. ह्यांनी उचलून मला नि भामीला बाहेरच्या खोलीत ठेवलं, कडी घातली. वही गादीखाली होती. घडीभर धीर धर म्हणाले. आवाज रडका होता.

बाहेर रंगपंचमीचा गलका. आत वाहेदभाईंची थापी. एक फट ठेवा, बोटभर फट ठेवा, म्हणून दार बडवलं. वाहेदभाई ह्यांना विचारत होते, साहब, बाईसाब कावून वरडायल्या? हे म्हणाले, चालू द्या.

भामीचे ओठ—

थापी थांबली. झालं म्हणतात. कडी काढत नाहीत अजून.

श्वास नाही. हाक मारली— नाही—

तोंडाला तोंड लावून माझा श्वास तिला दिला. पुन्हा दिला. गालांवर रंग— रडली! योगाई माते, रडली—

पण आता खालून मलाच ओढ—

हे दाराशीच आहेत. हाक फुटत नाही. वा—

वारं धा—