ब्याऐंशी काळे चौकोन

३ मार्च, सकाळी ७
सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या आठवणींचं पुस्तक मीच मांडून देणार, असं काल सगळ्यांसमोर जाहीर केलं. मेहुणा म्हणत होता, बाहेर देऊ या. मी म्हटलं, कशाला तो द्राविडी प्राणायाम? फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, अडलंच तर जगभरची माणसं मदतीला आहेत. छापखान्यात फाइल १८ला द्यायची. चिकार वेळ आहे.

९ मार्च
आज पीडीएफ काढली. ब्याऐंशी फोटो, ब्याऐंशी काळे चौकोन. सॉफ्टवेअरच्या मदतीच्या फोरमवर लिहिलं : 'चालत नाही. अर्जंट. कोणी जबाबदार माणूस आहे का?' मुद्देसूद लिहिलं की उत्तर लगेच येतं.

१० मार्च
आलं. 'घुबड' या नावाने लिहिणारी एक बाई. हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या चौघांपैकी एक, एरवी दवाखान्यात नर्स. आवृत्ती कोणती, फोटो कसे घातलेत, असल्या चौकशा. मी ग्राहक आहे, आरोपी नाही, असं बाणेदार उत्तर दिलं. बायकोने विचारलं, ग्राहक कधीपासून? काही विकत घेतलंस का? तिला तांत्रिक बाजू समजत नाही.

१२ मार्च
घुबड विचारते, आधी फोरमवर शोधलंत का? शोधायचं मी, तर त्या तिथे काय करतात? नऊ मुद्द्यांचं निषेधपत्र लिहिलं. अडीच तास गेले, पण पत्र देखणं झालं.

१५ मार्च
पत्राला अकरा अंगठे. सगळे उलटे. दखल घेतली गेली हे महत्त्वाचं.
संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. सासूबाईंचा फोटो नीट आलाय ना, विचारत होते. त्या जाऊन सहा वर्षं झाली, आणि दोघांचा एकत्र असा तो एकच फोटो. मी म्हटलं, अगदी नीट. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

१७ मार्च, पहाटे ५
गुपचूप शोधलं. पहिल्याच फटक्यात सापडलं, दोन वर्षांपूर्वीचं : 'चालत नाही. अर्जंट. कोणी जबाबदार माणूस आहे का?' गृहस्थ आवडला. नेमकं लिहितो. खाली घुबडचं उत्तर, पायरी-पायरीने, लहान मुलालाही कळेल असं. त्याखाली गृहस्थ : 'जमलं! शतशः आभार. पुढच्या माणसाला त्रास नको, मदतीच्या पानावर हे मी उद्याच लिहून टाकतो.'
नाव पाहिलं. मीच. मुलीच्या शाळेच्या अंकाच्या वेळी अडलो होतो.
दोन वर्षांपूर्वीही मी किती नम्र होतो!

१८ मार्च
फाइल गेली. सासूबाई लख्ख हसताहेत. ते पान सासऱ्यांना पाठवलं, त्यांनी फोनवर तीनदा जावईबापू म्हटलं.
घुबडला लिहिलं : 'जमलं! शतशः आभार. मदतीचं पान उद्याच लिहितो.' तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं. सावकाश लिहा म्हणाली, काल रात्रपाळी संपल्यावर तिनेच लिहून टाकलंय.
वाचलं. चांगलं आहे. एक स्वल्पविराम चुकलाय, तो कळवला.