विमान हुबं, मानूस हाजर

॥ श्री ॥

जुहू, ता. ३ ऑक्टोबर १९३५

ती. सौ. कृष्णाआक्कास धाकट्या काळूरामचे साष्टांग नमस्कार, वि. वि.

सुकट पोचली. मी सोन्याच्या ताटात जेवतो अशी दिघीत बोलवा आहे म्हणे. तर खरे ऐक. भाड्याचे विमान चालवणाऱ्या पायलटाला आमचे शेठ फक्त हवेतल्या तासांचा पगार देतात. गेल्या महिन्यात मी हवेत होतो सात तास चाळीस मिनिटे. शिवाय अकरा दिवस सकाळी सहापासून इंजिन तपासून विमानापाशी उभा. कधी पाऊस, कधी ज्यांनी विमान ठरवले ते साहेबच उठले नाहीत. त्या अकरा दिवसांपुढे हजेरीबुकात लिहिले आहे, खाडा. जणू मी कामावर नव्हतोच!

हे मान्य असल्याची सही दिवाळीआधी करा, नाहीतर विमानाला हात लावू नका, असे शेठ म्हणतात. इंजिने पुसत, उसनी पुस्तके वाचून चाळिशीत लायसन मिळवले, ते खुंटीला टांगू काय? कळेना.

'विमान'मधला वि ऱ्हस्व, हे मागेही कळवले होते.

तुझा काळूराम

दिघी, ता. ९ ऑक्टोबर

चि. काळूरामास आक्काचे आशीर्वाद.

अक्षरं तूच शिकवलीस, आता चुकाबी तूच काढ. कळेना काय म्हनतोस? ओहोटीला ह्यांची आगरदांड्याच्या तरीची, मानसं पल्याड न्यायची होडी चिखलात बसते. हे होडी सोडत नाय. परवा एक कारकून म्हनाला, बसून राहायचा कसला रोज? हे बोलले, ओहोटी मी आनली नाय, पन घरीबी गेलो नाय. तरीचा मक्तेदार अशा दिवशी लिवतो, 'होडी हुबी, मानूस हाजर', आनी रोज पुरा देतो. तुझा शेठ मक्तेदारापेक्षा शिकलेला नाय वाटतं.

सही करून आलास तर भाऊबीजेला ओवाळनार नाय. न करता आलास तर घरात जादा वल्हं हाय, पाटबी हाय. माया हाय तशीच हाय.

आक्का

जुहू, ता. २१ ऑक्टोबर

ती. आक्कास सा. न. वि. वि.

सही केली नाही. शेठसमोर हजेरीबुक ओढले, पट्टी लावून अकराही खाडे सरळ रेघेने खोडले आणि प्रत्येकापुढे तुझे वाक्य लिहिले. फक्त होडीचे विमान केले. शेठ ओरडले, चालते व्हा, दहा पायलट दारात उभे आहेत. मी म्हटले, उभे असतील तर आधी त्यांचीही हजेरी लावा.

शेठनी माझी पायलटाची टोपी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही सोबती पायलटांनी आपले खाडे खोडून तेच लिहिले. आज तिन्ही विमाने जमिनीवर आहेत आणि शिकारीला जायला विमान ठरवलेले साहेब ट्रंकेवर बसून शेठना शिव्या देत आहेत. शेठ बोलावतील तेव्हा बोलावोत. मी शनिवारच्या आगबोटीने निघतो.

तुझ्या वाक्यात चुका तीन. हुबी, मानूस, हाजर. सुधारायला टाक उचलला होता. मग तशाच ठेवल्या. सोबत्यांनीही एक काना इकडचा तिकडे केलेला नाही.

पाट मांडून ठेव. माया आहे तशीच राहो.

तुझा काळूराम