अंकावरचं नाव

आई,
साष्टांग नमस्कार. मी धडधाकट आहे, हे आधी वाच. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या संपादकांची बातमी कळलीच असेल. मंगळवारी भरदुपारी ऑफिसच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या. आपल्या लोकांची घरं जाळणाऱ्यांची नावं त्यांनी छापली होती ना! समोरचा औषधवाला रोज त्यांच्याबरोबर चहा प्यायचा. पोलिसांना म्हणाला, "माझी पाठ होती." गोळ्या चार झाडल्या, आणि चारही वेळा याची पाठच!

ज्या मंत्र्याने त्यांना भरसभेत देशद्रोही म्हटलं, तोच काल फोटोवाले घेऊन त्यांच्या घरी सांत्वनाला आला. त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, दार उघडलं नाही. मला म्हणाल्या, "बाहेरूनच रडा म्हणावं."

पकडलेले दोघे आज जामिनावर सुटले.

मी वेळेवर जेवते, एकटी फिरत नाही. दादाला सांग, मला न्यायला येऊ नकोस.

कायद्याने अंकावर संपादकाचं नाव छापावंच लागतं. आता कुणाचं छापायचं, तर ऑफिसात कुणीच पुढे येईना. शुक्रवारच्या अंकावर माझं नाव आहे. शेजारणीकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

रागाव हवं तेवढं, पण जेवण टाकू नकोस.

तुझी,
धाकटी