दोघांनी निघावे

हळर्णच्या गुरुदासास, वास्कोहून थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

डोळ्याचे ऑपरेशन बरे झाले. हे पत्र मीच लिहिते आहे, त्यावरून ओळख. यशवंत आणि सून खाण्यापिण्याला कमी करत नाहीत. सकाळी पावाचे उंडे, दुपारी माशांचे हुमण. फक्त कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालतात. म्हणे, कोकणी-मराठीच्या भांडणात रस्ते अडवतात, म्हातारी हरवली तर? अरे, रस्ते खुले होऊन महिना झाला. कुलूप तसेच.

दुपारी येशूचे सांगणारी एस्तेरबाई जिन्यावर बसून खिडकीच्या गजांतून मला वाचून दाखवते. मी विचारले, "तुला घरी काम नाही? दारोदार का फिरतेस?" म्हणाली, "आजी, देवाची आज्ञाच आहे, सगळ्या जगात जा. शिष्यांना त्याने दोघादोघांच्या जोडीने पाठवले, झोळीसुद्धा घेऊ दिली नाही."

मी म्हटले, "तुझा देव जा म्हणतो, माझा लेक बस म्हणतो. देव बदलून लेक सुधारत असेल तर सांग." हसली मेली.

ती मला हळर्णला तुझ्याकडे पोचवायला तयार आहे. पण तिच्याबरोबर बसमधून उतरले तर गाव म्हणेल, म्हातारी बाटली. म्हणून माझ्या जोडीला दुसरा तू हो. रविवारी ये, तेव्हा कुलूप नसते, आणि मामासमोर यशवंताची जीभ चालत नाही. मी नेसत्या लुगड्यानिशी निघेन.

गाय व्याली का? तुझा खोकला कसा आहे?

पत्र एस्तेरबाई टपालात टाकील. उत्तर लिहू नकोस, ते आधी यशवंताच्या हाती पडते. तूच ये.

तुझी बाय,
कमलाक्षी